जज थॉर्नबरी यांची पहिली जयंती

रत्नाबाई मेश्राम यांना 'तुम्हाला जमेल का?' असं कुणी कधी विचारलं नाही. विचारायला सवडच मिळत नसे. तोवर त्यांनी पदर खोचून कामाला हात घातलेला असे. नागपूरला महापालिकेच्या दवाखान्यात आया म्हणून त्यांची उभी नोकरी झाली. पण वस्तीत त्यांची ओळख वेगळी होती. चौदा एप्रिलची जयंती म्हणजे रत्नाबाईंची. मांडव कुठं, खुर्च्या किती, लाउडस्पीकरवाला वेळेवर येणार की नाही, आदल्या दिवशी बुंदी पाडायला कोण कोण बसणार, सगळं त्यांच्या तोंडी असायचं. पाहुणे पुढारी उशिरा आले तर त्यांच्यासाठी सभा थांबवायची नाही, असा त्यांचा नियम होता. एका आमदारानं तो अनुभवलेलाही होता.

नवरा गेला, नोकरी संपली, आणि १९९३ च्या वसंतात मुलगा राकेश त्यांना अमेरिकेला घेऊन आला. इलिनॉय राज्यात, नेपरव्हिलच्या पलीकडे मिलर्स फोर्ड नावाचं लहानसं गाव आहे, तिथं त्याचं घर. तो रोज गाडीनं शिकागोला कंप्युटरच्या नोकरीवर जायचा, सून रोशनी बँकेत जायची आणि बारा वर्षांची नात हर्षिता शाळेत. रत्नाबाई घरात एकट्या. एकटं बसून राहणं त्यांना येतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्या पांढरी साडी, राकेशचा जुना कोट आणि पायात बूट अशा थाटात गाव बघायला निघाल्या. सोबत हर्षिता होती, शाळेला सुट्टी होती म्हणून.

गावाच्या मधोमध जुनं कोर्ट होतं. आता तिथं म्युझियम झालेलं. समोर हिरवळ, आणि हिरवळीवर दगडी चौथऱ्यावर एक पुतळा. अंगात लांब कोट, डाव्या हातात छातीशी धरलेलं पुस्तक, उजवा हात पुढं उचललेला.

रत्नाबाई जागच्या जागी थांबल्या.

"पोट्टे, हा कोण होय?"

हर्षितानं चौथऱ्यावरची पाटी वाचली. "जोसाया थॉर्नबरी. लॉयर, जज... ही वॉज अ पॉलिटिशियन टू. अँड ही हेल्प्ड राइट द स्टेट कॉन्स्टिट्यूशन."

"मराठीत सांग नं."

"आजी, तो वकील होता. मग जज. आणि त्यानं स्टेटची ती... घटना लिहिली. म्हणजे हेल्प केली."

"घटना लिहिली?" रत्नाबाईंनी लगेच बूट काढले. "आणि त्याच्या खांद्यावर कबुतराची घाण? गावात कोणी माणसं राहतात का नाही?"

कोट, पुस्तक आणि घटना. एवढ्या खुणा पटल्यावर रत्नाबाईंना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. दुसऱ्या दिवशी त्या बादली, फडकं आणि घरातलं स्टूल घेऊन आल्या. पुतळा धुऊन होईस्तोवर रस्त्याकडेला पोलिसांची गाडी उभी राहिली. आतून उंच, तरुण पोलीस उतरला. त्यानं टोपी काढून काहीतरी विचारलं. सोबत आलेली हर्षिता लाजून लाल झाली.

"शी इज माय ग्रँडमदर. शी इज जस्ट क्लीनिंग हिम. इट्स लाइक, अ रिस्पेक्ट थिंग."

पोलिसानं पुतळ्याकडं पाहिलं, बादलीकडं पाहिलं. मग स्टूल डगमगत होतं ते दोन्ही हातांनी धरून उभा राहिला.

"काय म्हणतो तो?" रत्नाबाईंनी वरून विचारलं.

"तो म्हणतो, त्याचा कान राहिला."

त्या दिवसापासून पुतळ्याचे कान कधी राहिले नाहीत. उन्हाळ्यात रत्नाबाईंनी मागच्या अंगणात झेंडूची रोपं लावली, आणि दर रविवारी चौथऱ्यावर फुलं दिसू लागली. हिवाळ्यात बर्फ पडला की त्या झाडू घेऊन जात आणि जजसाहेबांच्या डोक्यावरचा ढीग झाडून काढत. राकेश वैतागायचा. "आई, तू पडशील ना! आणि लोक काय म्हणतील यार, आपण एकटेच इंडियन आहोत इथे."

"लोक काय म्हणतील ते मी ऐकलंच नाही, मले इंग्रजी येत नाही," रत्नाबाई म्हणत, आणि कोट चढवत.

पण लोकांचं लक्ष गेलेलं होतं. गावाच्या इतिहासमंडळाच्या चिटणीस मिसेस लिंडक्विस्ट एका रविवारी मुद्दाम थांबल्या. सत्तरीच्या बाई, केस कापसासारखे, हातात कायम विणकामाची पिशवी. चौथऱ्यावर फुलं कोण ठेवतं याचा त्यांना बरेच महिने पत्ता लागत नव्हता. रोशनी सोबत होती, तिनं ओळख करून दिली. लिंडक्विस्ट हे नाव रत्नाबाईंच्या जिभेवर बसेना, म्हणून त्यांनी पहिल्याच भेटीत त्याचं 'लिंडाबाई' करून टाकलं. बाईंना ते आवडलं. रत्नाबाईंनी हात जोडून 'जयभीम' म्हटलं, तर त्यांनीही हात जोडले आणि 'जॅबीम' म्हटलं.

"यांचा जन्मदिवस कधी असतो?" रत्नाबाईंनी विचारून घेतलं.

सप्टेंबरात, असं कळलं.

"मग काय करता तुम्ही त्या दिवशी?"

रोशनीनं प्रश्न इंग्रजीत केला. लिंडाबाई जरा ओशाळल्या. काही करत नाही, म्हणाल्या. पूर्वी कधीतरी शाळेची मुलं गाणं म्हणायची.

"काही नाही करत?" रत्नाबाईंना हे खरंच समजेना. "पुतळा उभा केला अन् जयंती नाही? रोशनी, यांना सांग, या वर्षी होईल. मी हाय."

आणि जयंती खरोखरच ठरली. १९९४ चा उन्हाळा मेश्रामांच्या घरात त्या एकाच विषयाचा होता. लिंडाबाईंनी मेयरना कळवलं, शाळेच्या बँडला सांगितलं, कोर्टाचं म्युझियम उघडं ठेवायचं कबूल केलं. रत्नाबाईंनी शिकागोच्या आसपास राहणाऱ्या आपल्या सगळ्या बौद्ध कुटुंबांना फोन लावले. कोणी डॉक्टर, कोणी विद्यार्थी, कोणी इंजिनिअर. कुठल्या तरी वकिलाच्या जयंतीला कशाला जायचं, असं एकानं विचारलं तर त्याला ऐकावं लागलं. "घटना लिहिणारा माणूस होय. आपण नाही जाणार तर कोण जाईल? पांढरे कपडे घालून ये. आणि तुझी ढोलकी आण, घरात नुसती लटकवून ठेवली असशील."

हार रत्नाबाई घालणार, हे लिंडाबाईंनीच सुचवलं होतं. अंगणातला झेंडू त्यासाठीच राखून ठेवला होता. हर्षिताला खुडायची बंदी होती.

जयंती जवळ आली तशी रत्नाबाईंना एक गोष्ट खटकू लागली. भाषण त्यांना करायचं होतं, आणि पाटीवरच्या चार ओळींपलीकडं या माणसाची त्यांना काहीच माहिती नव्हती. म्हणून त्यांनी लिंडाबाईंना चहाला बोलावलं. सगळं सांगा, म्हणाल्या, पहिल्यापासून.

रविवारची दुपार होती. टेबलावर चहा आणि चिवडा होता. लिंडाबाई सांगत गेल्या आणि रोशनी मराठी करत गेली. थॉर्नबरीचा बाप व्हरमाँटमध्ये कातडी कमवायचा.

"कातडी?" रत्नाबाईंनी मांडीवर थाप मारली. "म्हणजे आपल्यातलाच म्हण की! पुढं?"

पोरगं चामड्याच्या वासात वाढलं. आईनं चुलीच्या राखेत बोटानं अक्षरं काढून शिकवलं. पुढं एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करता करता त्याचीच पुस्तकं वाचून तो वकील झाला. तेव्हा तशीच पद्धत होती. तिशीच्या आत पश्चिमेकडं निघाला. पिठाच्या पिंपात कायद्याची पुस्तकं भरली होती, वरून पीठ. मिलर्स फोर्डमध्ये तेव्हा नदीला पूल नव्हता, नुसता पाण्यातून जायचा उतार. कोर्ट एका खाणावळीच्या माडीवर भरायचं. पहिलाच खटला एका विधवेच्या जमिनीचा होता, तो त्यानं जिंकला. मग घोड्यावरून गावोगावची कोर्टं, एका बिछान्यात दोन-दोन वकील. मग विधिमंडळात निवडून गेला. गावाला पहिली मोफत शाळा त्यानं मिळवून दिली, आणि मुलींनाही त्यात बसवायचं म्हणून भांडला. हर्षिता जाते त्याच शाळेचं ते पहिलं रूप.

"बघ पोट्टे!" रत्नाबाई नातीला म्हणाल्या. हर्षिता चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती, तिनं मान डोलावली.

मग लिंडाबाईंनी कप खाली ठेवला. त्या बराच वेळ बोलल्या, हळू आवाजात, मध्ये थांबून. हर्षिताचे शेंगदाणे हातातच राहिले. बोलणं संपलं तेव्हा रोशनी म्हणाली, "आई, नंतर ते घटना समितीवर गेले. मग जज झाले. म्हातारपणी वारले."

रत्नाबाईंनी सुनेकडं पाहिलं. "एवढं लांबलचक बोलली ती, अन् तू एवढंच सांगतेस?"

"तेवढंच आहे, आई."

"रोशनी. मी दवाखान्यात राहिलेली बाई होय. डॉक्टर नातेवाइकांपासून काही लपवतात तेव्हा असंच बोलतात."

रोशनीचे डोळे भरले. वर्षभर तिनं सासूला या पुतळ्याचे कान पुसताना पाहिलं होतं. शेवटी तिनं सांगितलं. घटना लिहिताना एक कलम आलं होतं, की बाहेरच्या काळ्या माणसांनी, मग ती गुलाम नसोत, मोकळी असोत, या राज्यात येऊन राहायचं नाही. थॉर्नबरी त्या कलमाच्या बाजूनं उभे राहून बोलले. कलम झालं, त्यावर पुढं कायदा झाला. नदीच्या उतारापाशी अ‍ॅमॉस ग्रीअर नावाचा काळा लोहार राहायचा. गावातल्या सगळ्या घोड्यांचे नाल त्यानं ठोकलेले, जजसाहेबांच्या घोड्याचेसुद्धा. कुणीतरी तक्रार केली. त्याला कोर्टात उभं केलं, आणि थॉर्नबरींनी त्याला दोषी ठरवून राज्याबाहेर जायला लावलं. बायकोसकट. पुढं त्यांचं काय झालं, कुणाला माहीत नाही.

"लिंडाबाई म्हणतात, पाटीवर हे नाही. पण तुम्ही फुलं वाहता, म्हणून तुम्हाला कळायला हवं असं त्यांना वाटलं. त्या म्हणतात, आधीच सांगायला हवं होतं."

रत्नाबाई उठल्या, लिंडाबाईंचा कप पुन्हा भरून आणला, त्यांच्यापुढं ठेवला. "चांगलं केलं सांगितलं ते," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळी राकेश म्हणाला, "आई, कॅन्सल करू या. मी सगळ्यांना फोन करतो. तब्येत बरी नाही म्हणून सांगू."

"कुणाची तब्येत?"

"तुझी."

"माझ्या तब्येतीले काय धाड भरली?"

"मग काय करणार आहेस? हार घालणार? त्याला?"

तोच प्रश्न होता. शिकागोहून आपली माणसं येणार होती, त्यांच्या शब्दावर, पांढऱ्या कपड्यांत. नागपुरात जन्मभर ज्या बाईनं लोकांना सांगितलं की हार कुणाच्याही गळ्यात घालायचा नसतो, तीच बाई आता सगळ्यांसमोर स्टुलावर चढून, ज्यानं एका लोहाराला गावाबाहेर काढलं त्याच्या गळ्यात झेंडूचा हार घालणार? आणि घातला नाही, तर ज्या गावानं तिच्या सांगण्यावरून खुर्च्या मांडल्या, त्या गावाला काय सांगणार?

"राकेश, मी हार घालते तेव्हा मान वाकते," त्या म्हणाल्या. "ती मान माझ्या एकटीची नाही. पण जयंती ठरली ती होईल. मले उद्याचा दिवस दे."

सोमवारी त्या नेहमीप्रमाणं बादली घेऊन चौकात गेल्या. पुतळा धुतला नाही. समोरच्या बाकावर बसून राहिल्या. मग उठून नदीच्या पुलापर्यंत चालत गेल्या. उतार केव्हाच बुजला होता, पुलाखाली मोटारीचं टायर अडकलेलं होतं. पलीकडं गावाच्या नावाची पाटी.

तिथं उभं असताना त्यांना एक जुनी जयंती आठवली. त्या वर्षी नाक्यापाशी मिरवणूक अडवली होती. पुढची गल्ली तुमची नाही, असं कुणी कुणी म्हणालं होतं. वस्तीतल्या बायका रत्नाबाईंच्या मागं रस्त्यातच बसल्या, अंधार पडेस्तोवर. त्या वर्षी पुढं जायला मिळालं नाही. पण दुसऱ्या वर्षी मंडळाच्या बैठकीत रत्नाबाईंनी ठराव मांडला, की आता मिरवणूक बुद्धविहारापासून सुरू करायची नाही. जिथं अडवलं, त्या नाक्यापासून सुरू करायची. तेव्हापासून ती तिथूनच निघते.

घरी येऊन त्यांनी रोशनीला बँकेत फोन केला. "लिंडाबाईले विचार, त्या लोहाराला कुठून बाहेर काढलं?"

थोड्या वेळानं रोशनीचा उलट फोन आला. "आई, नदीवरून. उताराशी. आता पूल आहे तिथून."

"मले वाटलंच. मग मिरवणूक पुलापासून कोर्टापर्यंत. बाहेरून आत. त्याले आपण गावात आणायचं."

लिंडाबाईंना हे समजावून सांगायला रोशनीला बराच वेळ लागला. कमिटीला विचारावं लागेल, म्हणाल्या. विचारलं. दोन सभासद उठून गेले. सुट्टीच्या दिवशी जुनं उकरायला कोण येतं, असं एकजण म्हणाला. मेयरना अचानक दुसरं काम निघालं. लिंडाबाईंनी हे सगळं दारातच, विणकामाची पिशवी पोटाशी धरून सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "मी येणार आहे. आणि जजसाहेबांची सगळी गोष्ट मी सांगणार आहे."

"मेयर नाही येत?" रत्नाबाईंनी रोशनीला विचारलं. "बरं झालं. पहिली खुर्ची मोकळी राहील, लिंडाबाई दमतील तर बसतील."

जयंतीच्या शनिवारी ऊन छान पडलं होतं. पुलापाशी पांढरे कपडे, निळे झेंडे, ढोलकी. बँडच्या चारच मुलांना घरून परवानगी मिळाली होती, पण त्यातला एक ड्रमवाला होता, आणि ढोलकीशी त्याचं लगेच जमलं. गावातली माणसं आधी फुटपाथवरून बघत होती. स्टूल धरणारा तो पोलीस मोटारी थांबवायला पुढं होता. चर्चच्या पायऱ्यांवरून काही काळी कुटुंबं उतरली आणि सोबत चालू लागली. त्यातल्या एका आजीबाईंनी रत्नाबाईंच्या हातातला हार बघून काहीतरी विचारलं.

"त्या विचारतात, हा कोणासाठी?" हर्षिता म्हणाली.

"सांग, लोहारदादासाठी. दीडशे वर्षं होत आली, घरी यायले उशीर झाला त्याले."

हर्षितानं सांगितलं. आजीबाईंनी हाराचं दुसरं टोक आपल्या हातात घेतलं. मग दोघी तशाच चालल्या, हार दोघींच्या मध्ये झुलत.

चौकात लिंडाबाई बोलल्या. राखेतली अक्षरं सांगितली, पिठाचं पिंप सांगितलं, विधवेची जमीन, शाळा, मुली. मग कलम सांगितलं, खटला सांगितला, अ‍ॅमॉस ग्रीअरचं नाव घेतलं आणि त्याच्या बायकोचं नाव आपल्याला सापडलं नाही, असंही सांगितलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक म्हातारा उठून निघून गेला. बाकी बसून राहिले.

नंतर रत्नाबाई उभ्या राहिल्या. सगळ्यांना वाटलं, आता त्या स्टुलाकडं जाणार. त्या कोर्टाच्या पायऱ्यांकडं वळल्या. म्युझियम उघडं होतं. आत जुनं न्यायालय जसंच्या तसं ठेवलेलं, जजची उंच खुर्ची आणि तिच्यासमोर आरोपीनं उभं राहायचा लाकडी कठडा. हजारो हातांनी गुळगुळीत झालेला. आजीबाईंनी एक टोक धरलं, रत्नाबाईंनी दुसरं, आणि दोघींनी हार त्या कठड्यावर घातला. रत्नाबाईंनी मान वाकवली. मागं त्यांची सगळी माणसं रांगेनं आली, आणि त्यांच्या मागं गावातली.

बाहेर येईस्तोवर बुंदीचे द्रोण वाटायला सुरुवात झाली होती. हर्षिता पुतळ्यापाशी घुटमळत होती. तिच्या मुठीत एक झेंडू होता. बंदी मोडून खुडलेला.

"आजी, कॅन आय? फक्त स्कूलसाठी. बाकीचं नाही."

रत्नाबाईंनी थॉर्नबरींच्या तोंडाकडं पाहिलं. मग नातीकडं.

"शाळा तुझी, फूल तुझं. मले काहून विचारतेस?"

हर्षितानं फूल चौथऱ्याच्या अगदी कडेला ठेवलं, आणि पळत बुंदी घ्यायला गेली.

सोमवारी सकाळी रत्नाबाई बादली आणि स्टूल घेऊन चौकात हजर होत्या. कबुतरांनी सुट्टी घेतलेली नव्हती. त्यांनी जजसाहेबांचे खांदे धुतले, पुस्तक धुतलं, कान पुसले. मग बादलीतलं उरलेलं पाणी घेऊन त्या कोर्टात गेल्या आणि कठडाही पुसून काढला. जाताना तिथं बसलेल्या लिंडाबाईंना खुणेनं विचारलं, पाटीचं काय? लिंडाबाईंनी पिशवीतून कागद काढून दाखवला. नव्या पाटीचा मजकूर त्या लिहीत होत्या. रत्नाबाईंना वाचता आलं नाही, पण अ‍ॅमॉसचं नाव कुठं आहे ते त्यांनी बोटानं दाखवायला लावलं.

ते दुसऱ्या ओळीत होतं. "वर घ्या," रत्नाबाई मराठीतच म्हणाल्या, आणि बोट पहिल्या ओळीवर ठेवलं. लिंडाबाईंनी पेन काढलं.